आत्याचा अकरा गावांचा दौरा

आमच्या आत्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. हे ती स्वतःच सांगायची आणि तेही ताठ मानेनं. "मला सगळी गाणी सारखीच. एक हळू असतं, एक जोरात असतं." अशा बाईला तीन मुलांच्या पॉप बँडबरोबर देशभराच्या दौऱ्यावर धाडायची कल्पना माझ्या आईची. तीही हौसेनं सुचलेली नव्हती.

बाबा वाद्यं दुरुस्त करायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांची कार्यशाळा होती. दात पडल्यासारखे पियानो, तारा नसलेल्या गिटारी, फाटलेले ढोल, आणि सगळ्यावर सरसाचा वास. आम्ही तिघं भावंडं तिथेच लहानाची मोठी झालो. मी थोरली, तेव्हा सतरा वर्षांची, ड्रम वाजवायचे. माझ्या पाठचा भाऊ तेरा वर्षांचा. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून आत्यानं त्याला टिल्ल्या म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. तो गिटार वाजवायचा आणि गायचा. धाकटी चिंगी दहा वर्षांची, कीबोर्डवर. स्टुलावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. बँडला आम्ही 'भावंडं' असं नाव दिलं, कारण चार दिवस डोकं खाजवूनही दुसरं काही सुचलं नाही.

'छतावर ये' हे आमचं गाणं बाबांनी कार्यशाळेतच ध्वनिमुद्रित करून रेडिओला पाठवलं होतं. वर्षभरात ते देशभर जो तो गुणगुणायला लागला. गाण्याच्या शेवटी 'ये' हा शब्द वर चढत जायचा, आणि टिल्ल्या तो सूर आठ मात्रा धरून ठेवायचा. जराही न हलता, उन्हात काच चमकावी तसा. खरं सांगायचं तर लोक त्या एका 'ये'साठी ते गाणं ऐकायचे. मग एक मॅनेजर घरी आला. उंच, किडकिडीत, सतत रुमालानं मान पुसणारा. त्यानं दौरा ठरवला. सव्वीस दिवस, अकरा शहरं, आणि आम्ही अल्पवयीन असल्यामुळे बरोबर घरचं मोठं माणूस हवं ही अट.

त्याच महिन्यात आईच्या पाठीचं ऑपरेशन निघालं. बाबांना तिला सोडून येणं शक्य नव्हतं. आईनं पलंगावर पडल्या पडल्या आत्याला बोलावलं.

"वन्सं, तुम्ही जा."

"मी? मला उभ्या बसमध्येसुद्धा मळमळतं," आत्या म्हणाली.

"दुसऱ्या कुणावर सोपवू मी यांना?"

आत्यानं गळ्यातली टेप काढून गुंडाळली आणि म्हणाली, "निघायचं कधी?"

ती बाबांची थोरली बहीण. आजोबा गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शाळा सोडून तिनं शिवणकाम धरलं, धाकट्या भावाला शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला की "आधी हे काज पुरं होऊ दे," म्हणायची. शाळेच्या फाटकासमोर तिचं दोन खोल्यांचं दुकान होतं. तीस वर्षं ती फक्त गणवेश शिवत आली होती. गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाची कंबर कधी ना कधी तिनं मोजलेली. बँकेचा साहेब रस्त्यात भेटला तरी ही म्हणायची, "अजून पोक काढूनच चालतोस का रे?" नाकावर माशी बसू द्यायची नाही, पण मुलांच्या बाबतीत तिचा हात हलका होता. टाचणी लावताना एकाही पोराला टोचलेली मला आठवत नाही.

मॅनेजर सही घ्यायला आला तेव्हा तिनं दोन गोष्टी सांगितल्या. मुलं कार्यक्रमाच्या आधी जेवतील, नंतर नाही. आणि तिचं हातमशीन बसमध्ये बरोबर येईल.

"आत्या, बसमध्ये सामान खूप आहे हो," मॅनेजर मान पुसत म्हणाला.

"मग एक ढोल कमी करा. आहेत की चार-पाच."

मशीन आलं. माझ्या ढोलांच्या शेजारी, जुन्या चादरीत गुंडाळून.

पहिल्या चार शहरांत सगळं सुरळीत झालं. सुरळीत म्हणजे, आत्या प्रत्येक घाटात खिडकीला डोकं लावून लिंबू हुंगत बसायची आणि खाली उतरली की पाचव्या मिनिटाला इस्त्री शोधायची. कार्यक्रम संध्याकाळी सहाला असायचा. ती रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, एका लोखंडी पेटीवर बसायची. गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी. हजार-दोन हजार माणसं टाळ्या वाजवत असायची आणि हिचं लक्ष दौऱ्यासाठी तिनंच शिवलेल्या आमच्या निळ्या कोटांच्या शिवणींवर. पहिल्याच कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये सगळं सभागृह शांत झालं असताना आतून खणखणीत आवाज आला, "चिंगे, कॉलर!" चिंगीनं निमूटपणे कॉलर सरळ केली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाचव्या शहरात आम्ही दुपारी पोचलो. लॉजच्या खोलीत आत्यानं दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. टिल्ल्या आरशासमोर भांग पाडत उभा होता. आत्या इस्त्री करता करता थांबली.

"इकडे ये रे. सरळ उभा राहा."

तिनं त्याच्या पायाचं माप घेतलं. मग हाताचं. मग गळ्याभोवती टेप धरली आणि जरा वेळ तशीच ठेवली. "जा," म्हणाली. तो गेल्यावर मला हाक मारली.

"थोरले, याचा आवाज कसा आहे?"

"ठीक आहे की."

"ठीक नसणार," आत्या म्हणाली. "दीड महिन्यात पँट सव्वा इंच वर गेलीय. गळा अर्धा इंच वाढलाय. अगं, तीस वर्षं मी हेच बघतेय. आधी बाही आखूड होते, मग कॉलर काचते, आणि एक दिवस पोरगं दुकानाच्या दारातून 'आत्या' म्हणतं, तर मी मान वर करून बघते की हा कोण बाप्या आलाय."

मी हसले, पण हसता हसता एकेक गोष्ट आठवायला लागली. गेले आठ दिवस टिल्ल्या सरावात शेवटचा 'ये' टाळत होता. "संध्याकाळसाठी राखून ठेवतो," म्हणायचा. सारखं गरम पाणी प्यायचा. ध्वनियंत्रवाल्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगायचा. त्याला माहीत होतं. मूग गिळून बसला होता एवढंच. मी रोज त्याच्यामागे दोन हातांवर बसून वाजवत होते आणि माझ्या कानाला जे कळलं नाही ते आत्याच्या टेपेला कळलं होतं.

त्या संध्याकाळीच ते झालं. 'छतावर ये' शेवटचं गाणं होतं. 'ये' वर चढला, तिसऱ्या मात्रेला थरथरला आणि फाटला. एका क्षणी तो वरचा स्वच्छ सूर होता, आणि पुढच्या क्षणी कुणीतरी जड खुर्ची ओढल्यासारखा आवाज. सभागृहात काही जण हसले. वाईट हेतूनं नाही, दचकून हसतात तसे. टिल्ल्यानं गिटार वाजवून गाणं संपवलं, वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

आत्यानं त्याची समजूत काढली नाही. "कोट काढ, घामानं भिजलाय," एवढंच म्हणाली, आणि कोरडा सदरा त्याच्या मांडीवर ठेवून शेजारी बसून राहिली. तो रडत होता की नाही ते मला दिसलं नाही, आणि तिनं दिसू दिलं नाही. माझ्या नि त्याच्या मध्ये ती अशी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या जेवणघरात मॅनेजर आमच्या टेबलाशी आला. रात्रभर झोपला नसावा. माणूस वाईट नव्हता, त्याच्यामागे दिवेवाले, ध्वनीवाले, ड्रायव्हर अशी दहा-बारा माणसं होती.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे. शेवटच्या गाण्याला ते लावू. टिल्ल्यानं नुसते ओठ हलवायचे. आवाज त्याचाच आहे, फसवणूक कसली?"

टिल्ल्या टोस्टवर लोणी लावत होता. एकाच जागी लावत राहिला.

"त्याला विचारलंत?" आत्या म्हणाली.

"आत्या, तो लहान आहे हो."

"लहान आहे म्हणूनच तर मला बरोबर आणलंत. मग मी विचारते. तुम्ही जरा बाहेर चहा घ्या."

मॅनेजर गेला. चिंगी आणि मी टेबलाशीच राहिलो.

"बोल," आत्या म्हणाली.

त्यानं टोस्ट बाजूला ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "लोक त्या आवाजासाठी येतात. तो आता माझ्याकडे नाहीये."

"मग कुठला आहे?"

"माहीत नाही. रोज वेगळा असतो. सकाळी एक, दुपारी एक."

"आत्ताचा काढ बघू."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. जेवणघरात भांडी पुसणाऱ्या एका बाईशिवाय कुणी नव्हतं. तो हळूच, अगदी खालच्या सुरात गायला लागला. आवाज खरखरीत होता, पण त्यात काहीतरी ऊबदार होतं. चार-पाच सुरांपर्यंत गेला आणि वरच्या पायरीवर पाय घसरल्यासारखा थांबला.

आत्या माझ्याकडे वळली. "मला काय कळत नाही. तू सांग."

"पाच सूर नीट लागतात," मी म्हणाले.

"पाच आहेत की मग! माझ्याकडे तर एकही नाही, तरी बाई पन्नास वर्षं जगली."

टिल्ल्याला हसू आलं. नको असताना आलं, म्हणून नाकातून आलं.

"पण ते ओठ हलवायचं," आत्यानं विचारलं, "ते तुला करायचंय का? करायचं असेल तरी सांग, मी नाही म्हणणार नाही."

"नाही," तो म्हणाला. "मागच्या वर्षीच्या माझीच मी नक्कल करतोय असं वाटेल."

जेवणघरातल्याच फोनवरून आम्ही बाबांना गाठलं. बाबा कधीच घाबरे होत नसत. वाद्य बिघडलं की आधी ते वाजवून बघायचं, ही त्यांची रीत. त्यांनी टिल्ल्याला फोनवर गायला लावलं, पलीकडे पियानोवर बोट ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "चार सूर खाली घ्या सगळं. तो खालून गाऊ दे. शेवटची ओळ मात्र वरच हवी, ती दुसऱ्या कुणीतरी घ्या."

"कुणी?" मी विचारलं.

"मी," चिंगी म्हणाली. "मला येते. मी रोज न्हाणीघरात म्हणते."

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडातला घास संपवला, खुर्चीवर उभी राहिली आणि 'ये' म्हटला. बारीक होता, पण सरळ वर गेला. सहाव्या मात्रेला तिचा दम संपला. भांडी पुसणारी बाई पुसायची थांबली होती. मॅनेजरनं दारातूनच ऐकलं आणि मान पुसत "चालेल" म्हटलं.

सुटलो असं मला वाटलं. पण टिल्ल्या उठून खोलीत निघून गेला.

ते मला तेव्हा कळलं नाही, आज कळतं. आवाज जाणं एक वेळ सोसतं. तो धाकट्या बहिणीच्या गळ्यात सापडणं फार जड. त्या दिवशी तो चिंगीशी बोलला नाही. तिला दम पुरत नव्हता, आणि कुठे श्वास चोरायचा ते फक्त त्यालाच माहीत होतं. मी आत्याला म्हणाले, "तू सांग ना त्याला." आत्या म्हणाली, "सांगून शिकवलेलं अर्ध्यात उसवतं. राहू दे."

सहाव्या शहराकडे जायला सात तास लागले. आत्यानं बसच्या मधल्या जागेत मशीन मांडलं होतं. लिंबू एका हाताशी, आणि मांडीवर टिल्ल्याची पँट. दुमड उसवून खाली सोडली, तर जुन्या घडीची पांढुरकी रेघ कापडावर उठून दिसायला लागली. ती झाकायला तिनं वरून काळी फीत शिवली. मागच्या बाकावर चिंगी पुन्हा पुन्हा 'ये' म्हणत होती, आणि पुन्हा पुन्हा सहाव्या मात्रेला अडखळत होती. दहा वेळा, पंधरा वेळा. पुढच्या बाकावर टिल्ल्या कानावर उशी दाबून झोपल्याचं सोंग करत होता. मग उशी बाजूला पडली.

"अगं ए, 'छतावर'च्या आधी श्वास घे ना! 'ये'च्या तोंडाशी घेतेस, मग पुरेल कसा?"

"मग तूच सांग ना कुठे घ्यायचा!"

"सांगतोय की!"

तो उठून मागे गेला. उरलेला रस्ता ते दोघं भांडत होते. ते भांडण होतं की शिकवणी होती हे मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही. आत्यानं मशीनचं चाक फिरवता फिरवता माझ्याकडे पाहिलं आणि पँटचा दुसरा पाय शिवायला घेतला.

त्या संध्याकाळी शेवटच्या गाण्याआधी टिल्ल्या माइकशी गेला. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. "माझा आवाज सध्या बदलतोय," तो म्हणाला, आणि नेमका 'बदलतोय' शब्दावरच आवाज फाटला. सभागृह हसलं. या वेळी तोही हसला. "हे असं. आज जो येईल तो येईल. वरचा सूर माझी बहीण घेणार आहे. ती मला विचारून घेत नाही, म्हणून मी तुम्हाला सांगून ठेवतो."

चिंगी आठ मात्रा टिकली. शेवटची जराशी लटपटली. लोक उभे राहिले. पडद्याआड आत्या पेटीवरून उठली होती, आणि तिच्या हातात सुई असूनही ती कुठेच टोचत नव्हती, नुसती उभी होती.

इथून पुढे सगळं गोड झालं असं म्हणता येणार नाही. सातव्या शहरात अर्धं सभागृह रिकामं होतं. आठव्यात टिल्ल्याचा घसा इतका बसला की डॉक्टरांनी दोन दिवस बोलायचीही बंदी केली. तो नुसता गिटार वाजवत उभा राहिला आणि सगळी गाणी मी आणि चिंगीनं कशीबशी ओढली. मला गाता येत नाही हे त्या दिवशी एक हजार लोकांना कळलं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की 'भावंडं'ची जादू ज्या एका गळ्यात होती तो गळा आता उरलेला नाही. मॅनेजरनं ते पान लपवलं. ते आत्याला सापडलं. तिनं ते नीट वाचलं, टिल्ल्याला वाचायला दिलं आणि म्हणाली, "वाचून झालं की दे. मला चिंगीच्या बाहीचा नमुना कापायचाय." आणि खरंच कापला.

दहाव्या शहरात पहिल्या रांगेत काही मुलं दिसली. पँटच्या टोकाला काळी फीत शिवलेली. आत्यानं पडद्याआडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, मी खोट झाकायला लावली, आणि यांनी ती मिरवायला घेतली!" पण शेवटच्या शहरात जाताना तिनं माझ्या आणि चिंगीच्या कपड्यांनाही फीत लावली, हे मी पाहिलं.

शेवटचा कार्यक्रम चांगला झाला. आई काठी टेकत बाबांच्या हाताला धरून आली होती. गाणी संपल्यावर बाबांनी टिल्ल्याला विचारलं, "आता किती सूर लागतात?" तो म्हणाला, "सात. पण रोज तेच नसतात." बाबा म्हणाले, "बसतील."

बसले. पण पहिल्यासारखे नाहीत. टिल्ल्याचा आवाज शेवटी साधा, जाडसर, चारचौघांसारखा झाला. आम्ही आणखी चार वर्षं एकत्र वाजवलं, मग मी शिकायला बाहेर पडले आणि 'भावंडं' आपोआप थांबलं. चिंगी आजही गाते, तेच तिचं काम आहे. टिल्ल्या बाबांच्या कार्यशाळेत बसतो. पियानो लावण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नाही. काम करताना तो गुणगुणतो, मोठ्यानं, दार उघडं ठेवून. ते ऐकायला मला आवडतं.

आत्या दौऱ्याहून आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून बसली. कसं झालं असं कुणी विचारलं, तर "बसचा प्रवास फार," एवढंच सांगायची. आम्हाला वाटलं, तिनं कानाला खडा लावला असणार.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्या, गणवेशांची गर्दी ओसरली, आणि एक दिवस दुकानाला कुलूप दिसलं. दारावर खडूनं लिहिलं होतं, 'दहा दिवस बंद.' आईचं धाबं दणाणलं. बाबा सगळीकडे चौकशी करून आले. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. आमच्या दौऱ्यातल्या तिसऱ्या शहरातून. तिथे आम्ही एकच संध्याकाळ होतो आणि सभागृहाच्या मागच्या दारातून आत जाऊन मागच्याच दारातून बाहेर पडलो होतो.

त्यानंतर ती दर वर्षी जायला लागली. एकटी, एका पिशवीवर, दर वर्षी एका शहराला. जायची, नदीकाठी किंवा चौकात बसायची, लोकांचे कपडे बघायची आणि यायची. सोबत येऊ का असं मी एकदा विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर होते तेव्हा माझे डोळे तुमच्या शिवणींवर होते. गावं बघायची राहून गेली."

अकरापैकी नऊ शहरं तिनं बघितली. मग गुडघे बोलायला लागले. नवव्या शहरातून, समुद्रावरून, आलेलं पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. तिचं अक्षर शिवणीसारखं बारीक आणि सरळ. 'इथे पाणी पुष्कळ आहे. जेवण बरं. दोन तास नुसती बसले होते, कुणी काही विचारलं नाही. रविवारी येते.'